सुटलेला ससा

१२ जानेवारी २०२५, रविवार

दवाखाना उघडायच्या आत दारात मोटारसायकल उभी होती. मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेली कारवान जातीची कुत्री, वय दीड-दोन वर्षं. पुढच्या डाव्या पायाची गादी फाटलेली, छातीखाली काटेरी तारेनं काढलेली वीतभर चीर. धुऊन, भूल देऊन टाके घातले. छातीची चीर वरवरची निघाली. गादी भरायला मात्र वेळ लागेल.

भूल उतरेपर्यंत पोरं बोलत राहिली. रात्री माळावर गाड्यांच्या उजेडात ससा उठवला, त्याच्यामागे कुत्री सोडली. ससा द्राक्षबागेच्या तारेखालून पार झाला आणि ही त्याच तारेत अडकली. मी कपाळाला आठ्या घातल्या तसा मोठा म्हणाला, "मारला न्हाय डॉक्टर, सुटला की त्यो. निसती पळवापळवी. त्यात कसला आलाय गुन्हा?"

हे उत्तर कवठे महांकाळात मी कितीतरी वेळा ऐकलं आहे, आणि देणारी पोरं खोटारडी नसतात. त्यांना ते मनापासून खरं वाटतं. ससा हातात आला नाही, रक्त सांडलं नाही, म्हणजे काही घडलंच नाही. या वर्षी याच एका समजुतीचा पिच्छा पुरवायचा, असं आज ठरवलं. जे दिसेल ते लिहून ठेवणार आहे.

कुत्र्यांवर माझा राग नाही. कारवान आणि पश्मी ही आपल्या दख्खनची कुत्री. लांब मान, खोल छाती, पोटाशी आत गेलेली कंबर. वासावर नाही, नजरेवर धावणारी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही पैदास जोपासली म्हणून पलीकडे त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली पोस्टानं त्यांच्यावर तिकीट काढलं, पुढे लष्करानंही ही जात प्रशिक्षणाला घेतली. अशा देखण्या जनावराला पळायला जागा हवी, हे मालकाचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. प्रश्न तिच्यापुढे काय पळतं एवढाच आहे.

२६ जानेवारी, रविवार

टाके काढले. गादी अजून ओली आहे. महिनाभर माळावर नेऊ नका म्हणून सांगितलं. मालकाचा एकच प्रश्न, "यात्रेपतोर पळंल का?" यात्रा चैत्रात आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

पहाटे रांजणीच्या बाजूला गेलो. शेळी-मेंढी महामंडळाच्या प्रक्षेत्रामुळे तिथं अजून सलग गवत टिकून आहे. बाकी तालुक्यात माळ आता तुकड्यातुकड्यांनी उरला आहे. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, अग्रणी नदीच्या काठानं हिरवळ वाढली, द्राक्षं आली, नागजच्या बाजूला बेदाण्याची शेडं उभी राहिली. दुष्काळात टँकरच्या मागे घागरी घेऊन धावलेल्या गावांना पाणी मिळालं, याचा आनंद मला कुणापेक्षा कमी नाही. पण प्रत्येक नव्या बागेला तारेचं कुंपण येतं आणि पळणाऱ्या जनावराची वाट तेवढी बंद होते.

कुसळीच्या गवतात एक ससा पाहिला. खरं तर आधी दिसलाच नाही. चार पावलांवर आल्यावर तो उठला तेव्हा मानेवरचा काळा पट्टा दिसला. आपला रानससा बीळ करत नाही. गवताच्या बुडाशी, तरवडाच्या आडोशाला अंगाच्या मापाचा खळगा करून कान पाठीवर पाडून बसतो. शत्रू अगदी जवळ येईपर्यंत हालत नाही, कारण न हालणं हाच त्याचा पहिला बचाव. पळणं हा दुसरा आणि शेवटचा. मिळेल तिथं आडवी वळणं घेत, मागच्याला चकवत तो पळतो. कारवानसारखं कुत्रं सरळ धावेत त्याला गाठतं, वळणावर मात्र घसरून पुढे जातं. तेवढ्या अवकाशात ससा दुसरी दिशा धरतो. पाहणारे याच वळणांवर टाळ्या वाजवतात आणि पैसे लावतात.

पांढरा पाळीव ससा वेगळा. त्याची पिलं उघडी, आंधळी जन्मतात आणि बिळात वाढतात. रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ असतं, डोळे उघडे असतात. आई त्याला गवतात ठेवून लांब जाते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. एकट्या पडलेल्या पिलाला आई टाकून गेली असं समजून लोक उचलून आणतात, तेव्हा ती बहुतेक वेळा जवळपासच असते.

लांडगा, खोकड, मोरघार, शृंगी घुबड, सगळे सशावर जगतात. माळावरचा ससा संपला तर लांडगा मेंढवाड्याकडे वळणार, आणि मग धनगराची नि लांडग्याची जुनी भांडणं पुन्हा पेटणार. सशाची बाजू घेणं ही भूतदयेपुरती गोष्ट नाही, असं मला म्हणूनच वाटतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची मिरवणूक सकाळी उरकली. दुपारी आरेवाडीच्या बिरोबाच्या बनाजवळ मेंढ्यांना जंताचं औषध पाजायला गेलो. तिथल्या एका वृद्ध धनगर आबांशी बराच वेळ बोललो. त्यांच्या लहानपणी ससे वाघुरीत धरत. एका अंगाला जाळं लावायचं, दुसऱ्या अंगानं ओरडत हाका करायचा. घरात खायला नसायचं, ससा मिळाला तर कालवण व्हायचं. "ती भुकंची शिकार हुती," आबा म्हणाले. "आता ही पोरं ससा खात बी न्हाईत. गाडीत हजाराचं तेल जाळत्यात अन् पैजंला धा हजार लावत्यात."

ती भुकेची शिकार आजही बेकायदाच आहे, हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी मानही डोलावली. पण त्यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ससा मेल्याची बातमी आली की पहिलं बोट पारध्यांच्या पालाकडे जातं. १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का पुसला, त्यांच्यावर संशय घेणं सगळ्यांना सोपं जातं. प्रखर दिव्यांच्या गाड्या घेऊन फिरणाऱ्या बागायतदारांच्या पोरांकडे कुणी बोट दाखवत नाही. कायदा राबवायचा तर आधी त्यांच्यापासून सुरुवात व्हायला हवी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. संध्याकाळी एका गावच्या यात्रा कमिटीतले चारजण घरी आले. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं सरळ आहेत आणि सल्ला विचारायला आली होती. यात्रेत बैलगाड्यांसोबत श्वान शर्यत ठेवायची आहे. एकजण म्हणाला, "कुत्र्यापुढं काय तरी पळाया पायजे. दोन-तीन ससे धरून ठिवायचे, शर्यतीला सोडायचे, शेवटाला झाडीत जाऊ द्यायचं. नियम करू, डॉक्टर बी ठिवू. बैलांना कोर्टानं परवानगी दिली, मग सशाला का न्हाय?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट दिलं. इथंही लिहून ठेवतो, कारण तो पुन्हा येणार आहे.

बैलाची गोष्ट अशी. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्रानं प्राण्यांच्या छळाला बंदी घालणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ ला अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. नियम आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, धाव एक हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक-शॉक काही नाही. हे सगळं शक्य झालं कारण बैल पाळीव आहे. माणसानं वाढवलेला, दावणीला बांधलेला, वैरण आणि औषध मिळणारा.

ससा कुणाचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तो आधी चौथ्या अनुसूचीत होता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं तो दुसऱ्या अनुसूचीत आला. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ जीव घेणं नव्हे. पकडणं, कुत्र्यांकरवी पाठलाग करणं, फासा, सापळा, हाका, आमिष, आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, सगळं शिकारीतच मोडतं. जनावर रानातलं असो की आधी धरून ठेवलेलं, फरक पडत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे "सुटला की त्यो" या उत्तराला कायद्यात जागाच नाही. जाळ्यात धरला तेव्हा एक गुन्हा झाला, कुत्रं सोडलं तेव्हा दुसरा. शेवटी झाडीत जाऊ दिल्यानं आधीचे दोन पुसले जात नाहीत.

दुसरा म्हणाला, "मग बाजारातनं पांढरे ससे आणू. ते तर पाळीव हायत."

याचंही उत्तर आहे. करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून पुढे करणं १९६० च्या कायद्यात गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये; पन्नासाचा आकडा १९६० पासून कुणी बदललेला नाही आणि त्याची मला चीड येते. पण दंड लहान म्हणून कृत्य लहान होत नाही. शिवाय पांढरा ससा पळून माळावर गेला तरी तिथं टिकत नाही. लपायचा रंग नाही, पळायची सवय नाही. एक-दोन दिवसांत कुत्र्या-घारींच्या तोंडी जातो, किंवा आजार घेऊन मरतो.

तिसरा गप्प होता. जाताना म्हणाला, "डॉक्टर, परवानगीनं हुईल असं काय न्हायच का?" परवानगी मागायला दारच नाही, आणि ते नसावंच, असं मी सांगितलं. करमणुकीसाठी ससा पळवायची परवानगी वन्यजीव कायद्याखाली कुणीही अधिकारी देऊ शकत नाही.

८ मार्च, शनिवार

नाशिकपासून सोलापूरपर्यंत सगळीकडे द्राक्षाचा हंगाम. दवाखान्यात गर्दी कमी, सगळे बागेत. कुत्री परत पळू लागली, गादी चांगली भरली आहे. मालकाला सांगितलं, हिला सशामागं सोडलीस तर पुढचे टाके घालायच्या आधी वनखात्याला फोन करीन. तो हसला. मी गंभीर आहे हे नंतर त्याच्या लक्षात आलं.

९ मार्च, रविवार

बेदाण्याच्या शेडवरून एका शेतकऱ्याचा फोन. शेडच्या कोपऱ्यात द्राक्षाचे दोन क्रेट एकमेकांवर उपडे, वरून शेडनेट बांधलेलं, आत दोन ससे. भाच्यानं आणि त्याच्या दोस्तांनी चार दिवसांपूर्वी ज्वारी काढताना जाळ्यात धरले होते. संध्याकाळी माळावर नेऊन कुत्र्यांपुढे सोडायचे, पुन्हा जाळ्यात घ्यायचे, असा 'सराव' दोनदा झाला होता. आज त्यातला एक उठेना म्हणून मामांनी मला बोलावलं. पोरांनी मामांनाही तेच सांगितलं होतं, यात्रेनंतर सोडून देणार.

वाटेतच १९२६ वर फोन करून वनखात्याला कळवलं. वन्यप्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. तसा तो सरकारची मालमत्ता असतो. कोपऱ्यातल्या सशाला अंगावर कुठंही चावा नव्हता. मागचे दोन्ही पाय लाकडासारखे ताठ, श्वास उथळ आणि भराभर, अंग तापलेलं, खाली गडद तपकिरी मूत्र. वनरक्षक येईपर्यंत अंधार केला, ओलं फडकं टाकलं, कातडीखाली सलाईन दिलं. दीड तासात गेला.

दुसरा सावध होता. कानाला जाळ्यानं खरचटलं होतं, तिथं जांभळं औषध लावलं. वनरक्षकांनी पंचनामा केला, जबाब घेतले, क्रेट आणि जाळं जप्त केलं. पिंजऱ्यात आणखी एक रात्र ठेवली तर धसक्यानंच मरेल, असं त्यांचंही मत पडलं. दिवेलागणीला, धरला होता त्याच रानात सोडला. चांगला पळाला.

१० मार्च, सोमवार

सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केलं. मीही हजर होतो. मागच्या मांडीच्या स्नायूंत फिकट पांढुरके पट्टे, शिजवलेल्या मांसासारखे. मूत्रपिंडं काळपट. जनावर जिवाच्या आकांतानं पळतं, घाबरतं, पळायला जागा उरत नाही; स्नायूंत आम्ल साचतं, पेशी फुटतात, त्यांतलं रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतं. हरणं पकडताना हे होतं हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. काही जनावरं तासाभरात जातात, काही दोन-तीन दिवसांनी, पुन्हा मोकळ्या रानात गेल्यावर. अंगावर एकही ओरखडा नसतो.

११ मार्च, मंगळवार

सकाळी मेंढपाळाचा निरोप. रविवारी सोडलेल्या रानात, पन्नास पावलांवर बांधाच्या कडेला मेलेला ससा. कानाला जांभळा रंग.

वनरक्षक पुन्हा आले, पुन्हा पंचनामा झाला. ज्या मामांनी फोन केला होता ते तिथंच उभे होते. त्यांनी भाच्याला बोलावून घेतलं आणि सगळं पाहायला लावलं. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, इंजिनिअरिंगला सांगलीत आहे. तो एवढंच म्हणाला, "पळाला हुता की चांगला."

पळाला होता हे खरं, मीही पाहिलं होतं. सुटणं आणि जगणं यांत तीन दिवसांचं अंतर असू शकतं, आणि पैज लावणारा त्या तीन दिवसांत कधीच हजर नसतो. मला लोकांपुढे मांडायचंय ते एवढंच, आणि आज त्याला दोन पंचनाम्यांचा पुरावा आहे.

१६ मार्च, रविवार

नियम करून हे चालवता येईल का, या प्रश्नाचा पाठपुरावा म्हणून आयर्लंडबद्दल जमेल तेवढं वाचलं. तिथं सशामागं ग्रेहाउंड सोडण्याची स्पर्धा आजही कायदेशीर आहे, आणि जितके नियम करता येतील तितके त्यांनी केले आहेत. क्लबांना ससे धरायला सरकारी परवाना लागतो. धरलेले ससे काही आठवडे कुंपणात ठेवून खाऊ घालतात. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निसटायची वाट असते, सशाला आधी काही अंतर पुढे सोडतात, एकाच सशाला एका दिवसात दोनदा पळवायचं नाही. १९९३ पासून कुत्र्यांच्या तोंडाला मुसकी सक्तीची झाली. स्पर्धेनंतर ससे रानात सोडायचे, त्याची नोंद ठेवायची.

एवढं करूनही मुसकी बांधलेलं कुत्रं सशाला जमिनीवर आपटतं, रेटतं. जखमी होणारे, मरणारे ससे दर हंगामाच्या सरकारी नोंदींत येतच राहतात. २०१९ साली तिथल्या रानसशांत रक्तस्रावी विषाणुरोग सापडला, तेव्हा ससे धरायचे परवाने सरकारला थांबवावे लागले. वेगवेगळ्या रानांतले ससे एका कुंपणात आणून पुन्हा चौफेर सोडणं म्हणजे रोगाला वाहन पुरवणं, हे त्या वर्षी सगळ्यांना समजलं. दोन महिन्यांत काही अटींवर परवाने पुन्हा सुरूही झाले. शेजारच्या स्कॉटलंडनं २००२ मध्ये, इंग्लंड-वेल्सनं २००४ च्या कायद्यानं हा खेळ बंद केला. शतकाहून जुना वॉटर्लू कप २००५ नंतर झाला नाही.

श्रीमंत देश, पशुवैद्य हजर, कागद चोख. तरी नियमांना सशाच्या आत पोचता आलं नाही. आपल्या एका यात्रा कमिटीकडून ते होईल असं कुणी म्हणत असेल तर त्यानं शवविच्छेदनाला यावं.

या खेळाला परंपरा आहे असं कुणी म्हटलं तर ते मी नाकारत नाही. दुसऱ्या शतकातल्या एरियन या ग्रीक लेखकानं शिकारी कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं. खरा शौकीन ससा धरायला नाही, चुरस बघायला कुत्रं सोडतो, आणि ससा निसटला तर त्याला आनंद होतो, अशा अर्थाचं त्यात आहे. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मृगयेवर तर आहेच, कुत्र्यांच्या खेळावरही वेगळं प्रकरण आहे. कृष्णेच्या या मुलखावर तेव्हा त्याच घराण्याचं राज्य होतं. म्हणजे हा शौक आठ-नऊशे वर्षं तरी इथल्या मातीत आहे. पण तेव्हा माळ क्षितिजापर्यंत होता आणि कुत्री राजाच्या पदरी होती. आज माळ संपत आलाय आणि कुत्रं गल्लोगल्ली आहे.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. दारात कडुलिंब, पुरणपोळी. यात्रा कमिटीचा निरोप: ससा नको असं ठरलं, पण पोरं नाराज आहेत, तुम्ही या.

३ एप्रिल, गुरुवार

कन्नड वाहिन्यांवर रायचूर जिल्ह्यातली चित्रफीत. उगादीच्या सुमारास शिकार केलेले ससे काठ्यांना टांगून वाजतगाजत मिरवणूक. वनखात्यानं गुन्हा नोंदवल्याची बातमी. आमच्याकडची पोरं मोबाइलवर तेच पुढे पाठवताहेत, काहीजण टाळ्यांच्या चित्रांसकट. मी जमेल त्या प्रत्येकाला खाली एवढंच लिहून पाठवलं की हे दाखवणं म्हणजे आपला जबाब आपणच देणं आहे.

१३ एप्रिल, रविवार

कमिटीची बैठक देवळापुढच्या पारावर झाली. पन्नासेक माणसं. मी बोललो, पण फार नाही. वनरक्षकांनी पंचनाम्याचे फोटो दाखवले, त्यांचा परिणाम माझ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला. एका ताईंनी मागून विचारलं, "कुत्र्याला सशाशिवाय पळताच येत न्हाय का?" आणि चर्चा तिथून योग्य वाटेला लागली.

पर्याय जुनाच आहे, परदेशात सर्रास वापरतात: यंत्रानं ओढलेली चिंधी. गावातल्या वेल्डिंगवाल्या तरुणानं मोटारसायकलच्या इंजिनावर रीळ बसवून दिलं, त्याला नायलॉनची दोरी आणि टोकाला पांढऱ्या पोत्याचा जुडगा. पडीक रानात चाचणी घेतली. पहिलं कुत्रं निम्म्यात थांबून मालकाकडे बघत बसलं. दुसरं दोरीतच गुंतणार होतं. तिसरी आमचीच टाके पडलेली कुत्री. ती अशी धावली की लोक उठून उभे राहिले. जुडगा वळवायला मध्ये दोन खुंट्यांवर कप्प्या लावल्या, तेव्हा वळणंही मिळाली.

सगळ्यांना पटलं असं नाही. एकजण जाहीर म्हणाला, "चिंध्यामागं पळणारं कुत्रं बघाया माणूस येणार न्हाय." येणार नाही त्यांनी येऊ नये, असं माझं स्पष्ट मत. ज्याला समोरच्या जिवाची भीती पाहिल्याशिवाय मजा येत नाही, त्याच्यासाठी यात्रा भरवायची नसते.

आणखी तीन गोष्टी मी कमिटीला सांगितल्या, त्या कुणाला आवडल्या नाहीत. कुत्र्यांचा असा सार्वजनिक खेळही १९६० च्या कायद्याच्या २२ व्या कलमाखाली नोंदणीशिवाय करता येत नाही, तेव्हा आधी अर्ज, मग शर्यत. आणि पैज लावली तर तो जुगार. त्यासाठी १८८७ पासूनचा कायदा हाताशी आहे. शिवाय चैत्रातल्या दुपारी या कुत्र्यांना पळवणं म्हणजे उष्माघात. पहाटे सहा ते आठ, त्यापुढे नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

यंदा श्वान शर्यत झाली नाही. नोंदणीचे कागद वेळेत जमले नाहीत, आणि कमिटीनं विनापरवाना करायची नाही असं ठरवलं. वाईट वाटलं, आणि अभिमानही. बैलगाड्या झाल्या, कुस्त्या झाल्या. माळावर रात्री गाड्यांचे दिवे दिसल्याचे दोन फोन मात्र आले. दोन्ही वनखात्याकडे पाठवले.

२८ मे, बुधवार

या वर्षी पावसाळा मे महिन्यातच महाराष्ट्रात आला. द्राक्षवाल्यांची झोप उडाली आहे, खरड छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर रोगाची भीती. माळ मात्र आठवड्यात हिरवा.

शाळेतली एक मुलगी टोपलीत सशाचं पिल्लू घेऊन आली. आईनं टाकलंय म्हणाली. कुठून उचललं ते विचारून तिला घेऊनच तिथं गेलो, होतं त्याच गवताच्या बुडाशी ठेवलं. तिला सांगितलं, आता इथं उभं राहायचं नाही, वासावर कुत्री येतात. तिनं विचारलं, "मग ते जगलं का न्हाय ते कसं कळणार?" खरं उत्तर दिलं: आपल्याला कळणार नाही. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आपल्याच जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याच्या बातम्या दिवसभर. तिथं जिवंत नाग धरायचे, पूजायचे, मिरवायचे, मग सोडायचे, ही पिढ्यांची रीत. २००२ साली हे उच्च न्यायालयात गेलं, आणि पुढच्या दशकात नाग पकडणं, मिरवणं बंद होऊन प्रतिमेची पूजा सुरू झाली. यंदा केंद्रानं पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणासाठी म्हणून मर्यादित संख्येनं नाग पकडायची परवानगी दिली आहे. पूजा, मिरवणूक, खेळ यांना नाही.

शिराळकरांच्या भावनेची मला कदर आहे. नागाला ते देव मानतात, मारत नाहीत, आणि ही गोष्ट लहान नाही. पण धरून ठेवलेल्या वन्य जिवाला शेवटी सोडलं की हिशेब पुरा झाला, ही समजूत तिथंही तीच आहे. यात्रा कमिटीतल्या तिसऱ्या, गप्प बसलेल्या गृहस्थांचा दुपारी फोन आला. "त्यांना दिली, मग आपुन बी अर्ज करू या का?" मी म्हटलं, शिक्षणासाठी दिलेल्या परवानगीत पैज बसत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

पुढच्या चैत्रासाठी आजच कमिटीसोबत बसून अर्ज लिहिला. एक प्रत तहसीलदारांना, एक वनखात्याला, एक पोलिस ठाण्याला. मागणी अशी: तालुक्यात यात्रेची परवानगी देताना पत्रातच अट असावी की कुठल्याही खेळात जिवंत वन्यप्राणी, धरून ठेवलेला किंवा मोकळा, वापरला जाणार नाही; वापरला तर जबाबदारी कमिटीची राहील आणि पुढच्या वर्षीची परवानगी मिळणार नाही. फेब्रुवारी ते एप्रिल रात्रीची गस्त माळांवर असावी, त्यात गावचे दोन स्वयंसेवक घ्यावेत. श्वान शर्यतीच्या नोंदणीचे कागद दिवाळीआधी जोडावेत. सह्या करताना अध्यक्षांनी आणखी एक ओळ घालायला सांगितली: अट मोडणारा आपल्या गावचा असला तरी तक्रार कमिटीच करील. ती ओळ मी जशीच्या तशी लिहिली. उद्या सकाळी अर्ज घेऊन आम्ही तिघे जाणार आहोत.